तहकूब

सव्वीस जानेवारी. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटली, पोरं पांगली.
मी सतरंजी झटकली, माईकवर फुंकर मारली
आणि मोजायला लागलो.

ग्रामसभेला शंभर डोकी लागतात.
आली एकतीस.
त्यातली आठ उन्हाला बसलेली, सभेला नव्हे.
बाकी कोरेवाडी द्राक्षं उतरवत होती,
कुणी बेदाणा घेऊन तासगावच्या सौद्याला.

याआधी असं काही अडत नसे.
संध्याकाळी रजिस्टर काखेत मारून मीच घरोघर जायचो.
"सही कर गं." "कशाची?" "सभेची." "झाली होय?"
कणकेच्या बोटांनी सही.
बावीस वर्षं या गावच्या सभा
मी अशा चुलीपुढं भरवल्या
आणि सगळे ठराव सर्वानुमते.

नंदाताई वायदंडे म्हणाल्या, रजिस्टर आता घरी जाणार नाही.
निवडून येऊन चौदा महिने. तेही सव्वीस मतांनी.

विषय एकच: पाणीपट्टी.
येरळेतल्या विहिरीवरची मोटर जळालेली,
महावितरणचं बिल तीन हप्ते थकलेलं,
वर्षाला दोनशे रुपये वाढवायचे, बस्स.
पाणी सगळ्यांना हवं.
पण हात वर करा म्हटलं
की हातांना कामं आठवतात.

आदल्या रात्री फोनवर फिरलेलं:
बाईनं जळकी मोटर भंगारात विकली.
मोटर ऑफिसच्या पायरीशी, पोत्याखाली,
मी रोज तिच्यावर टोपी ठेवतो.
तसं सांगितलं, तर म्हणाले,
तू काय, पगारी माणूस.

मग अप्पासाहेबांची गाडी आली.
शीतगृहाचे मालक, राहायला विट्यात,
आमच्या मतदार यादीत नावही नाही.
"मोटर मी देतो. परवा बसेल.
ठराव नको, सह्या नको, ही सतरंजीही नको."

सभेत पहिल्यांदाच टाळ्या पडल्या.
मला नागरिकशास्त्र शिकवलेले लाड मास्तर उठून म्हणाले,
एकच माणूस बरा. विचारत बसत नाही.

नंदाताईंनी विचारलं,
व्हॉल्व्हची चावी कुणाकडं राहील?
अप्पासाहेब हसले. हसतात छान.
"चावीचं काय ताई, चावी माणसाकडंच असते."

माझ्या हातात जिलेबीचा कागद.
त्यावर कुठल्याशा देशाची बातमी:
लोकांनी निवडलेलं सरकार एका रात्रीत गेलं
आणि लोक चौकात नाचले.
देशाचं नाव पाकात विरघळलेलं.
मी बराच वेळ ते वाचायचा प्रयत्न केला.

अर्धा तास वाट बघून ग्रामसेवकांनी लिहिलं,
गणपूर्तीअभावी सभा तहकूब.
तहकूब सभेला मग गणपूर्ती लागत नाही.
कायदा पहिल्यांदा शंभर माणसं मागतो,
दुसऱ्यांदा काहीच मागत नाही.
दमत असेल तोही.

पुढच्या सोमवारी ताई म्हणाल्या, मोजा.
"आता लागत नाही ताई."
"लागत नाही. तरी मोजा."
एकोणीस.
"स्वतःला धरलं?"

बावीस वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.
मीही नाही.
मी खोडून वीस केले.

अकरा हात वर, आठ खाली.
उरलेला माझा. त्यात चाव्यांचा जुडगा होता,
तो खाली ठेवेपर्यंत
ठराव मंजूर झाला होता.
बारावा म्हणून लिहा, मी म्हटलं.
ग्रामसेवकांनी माझ्याकडं बघितलं, मग लिहिलं.

अप्पासाहेबांची नवी मोटर
खोक्यासकट चावडीपुढं उभी आहे,
कुणीतरी हारही घातलाय.
आमची जुनी वाइंडिंग करून आली,
अर्धे पैसे उधार.

रात्री अडीचला लाईट आली.
खालच्या आळीचा व्हॉल्व्ह फिरवला.
आधी नुसती हवा येते. नळ खोकतो,
फुसफुसतो, गप्प होतो.
अंधारातून कुणीतरी ओरडलं,
आलं का?

थांबा, म्हटलं.
कान लोखंडाला लावला.